भोंगा थांबला, पुढे काय? – सोलापूर सावरण्याचे दीडशे वर्षांतले प्रयत्न

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. पहिली कमिटी, बांधकामाचे दिवस, पहिला गणपती याबद्दल या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहेच. संपादक मंडळाने 'इतिहासाचं काहीतरी द्या' म्हटले, म्हणून हा लेख सोसायटीच्या फाटकाबाहेरचा, म्हणजे आपल्या सोलापूरचा आहे. शहर चाललं तर सोसायटी चालते, एवढंच त्यामागचं कारण.

आपल्याकडे किती घरांत आज फक्त आई-वडील राहतात, हे सांगायला सर्व्हे नको. संध्याकाळी बाकावर बसलं की कळतं. 'मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला.' दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेला पार्किंग भरते, एरवी मोकळी. मग बाकावरची चर्चा ठरलेल्या जागी येते : 'सोलापूरचं काही खरं नाही ओ. गिरण्या गेल्या तेव्हाच गाव संपलं. आता एखादी मोठी कंपनी आली तरच काहीतरी होईल.'

या दोन्ही वाक्यांची इतिहासाशी गाठ घालून बघावी, असे वाटले. हे गाव एकदाच पडले नाही, चार-पाच वेळा पडले आणि दर वेळी कुणीतरी ते सावरायचा विचार केला. त्यातले कोणते विचार टिकले आणि कोणते नाही, याचा हिशेब मांडला तर पुढचा रस्ता थोडा दिसतो.

दुष्काळातली गिरणी

रेल्वे सोलापूरला पोचली १८६० साली. त्याआधीही हे बाजारपेठेचे गाव होते. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली घरोघरी हातमागावर लुगडी विणत. आसपास कापूस होता, गावात सूत विकत घेणारे विणकर होते आणि आता माल न्यायला आगगाडी होती. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. आपण तिलाच जुनी मिल म्हणतो.

ते साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. शेतात काम नव्हते आणि लुगडी घ्यायला कुणाकडे पैसा नव्हता. अशा वेळी गिरणी उभी राहिली. मजूर स्वस्तात मिळत होते हे खरे, पण पोटाला आधार मिळाला हेही खरे.

पुढच्या तीसेक वर्षांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. खेड्यांतून मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे आली, निजामाच्या मुलखातून तेलुगू आणि उर्दू बोलणारी आली. इंग्रजांनी 'गुन्हेगार' असा शिक्का मारलेल्या जमातींची वसाहत तारेच्या कुंपणाआड बसवली होती. तिथली माणसेही गिरणीत कामाला लावली गेली. 'सेटलमेंट' हा शब्द आपल्याकडे अजून पत्त्यात येतो, त्यामागे हा इतिहास आहे. आज एकाच जिन्यात चार भाषा ऐकू येतात, त्याची सुरुवात गिरणीच्या फाटकाशी झाली.

याच कामगारांनी मे १९३० मध्ये, गांधीजींना अटक झाल्यावर, शहर डोक्यावर घेतले. इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. चार हुतात्म्यांचा पुतळा आपण रोज ओलांडतो. त्या गर्दीत गिरणीचा भोंगा ऐकून कामाला जाणारी माणसे होती, हे मुलांना सांगायला हवे.

जुनी मिल आणि देशाची राज्यघटना

स्वातंत्र्याला दोन वर्षे होतात न होतात तोच जुनी मिल बंद पडली. तारीख २७ ऑगस्ट १९४९. हजारो कामगारांची चूल अडली. तेव्हा सरकारपुढे प्रश्न आला, की खासगी मालकाने गिरणी बंद केली तर सरकारने काय करायचे?

९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येण्याच्या सतरा दिवस आधी, केंद्र सरकारने फक्त या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला. गैरव्यवस्थापनामुळे एका जीवनावश्यक वस्तूचे उत्पादन अडले आणि मोठी बेकारी आली, असे कारण त्यात दिले होते. जुने संचालक गेले आणि सरकारने नेमलेले आले. एप्रिलमध्ये वटहुकमाचा कायदा झाला.

भागधारक कोर्टात गेले. चरणजित लाल चौधरी यांचा खटला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने फेटाळला. एकाच कंपनीसाठी कायदा केला म्हणून तो समानतेच्या विरुद्ध ठरत नाही, हे तत्त्व कायद्याचे विद्यार्थी आजही या निकालातून शिकतात. दुसरा खटला द्वारकादास श्रीनिवास यांचा. त्यात डिसेंबर १९५३ मध्ये कोर्टाने उलटा कौल दिला, की नुकसानभरपाई न देता कंपनीचा ताबा घेणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेच आहे. त्यानंतर १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. आजारी उद्योगाचे व्यवस्थापन ठरावीक काळासाठी ताब्यात घेण्याचा सरकारचा अधिकार तिने घटनेत लिहून ठेवला. त्या दुरुस्तीच्या कारणांमध्ये आपली जुनी मिल आहे. सोलापूरच्या एका गिरणीसाठी देशाची राज्यघटना बदलली, आणि आपल्या मुलांना हे कुठल्याही धड्यात भेटत नाही!

एवढे करून निष्पन्न काय झाले? गिरणी पुन्हा चालली, काही वर्षे पगार झाले. पण यंत्रे जुनी होत गेली, कर्ज वाढले आणि साठच्या दशकात जुनी मिल कायमची बंद पडली. पुढे नरसिंग गिरजी मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, तिचाही शेवट तोच झाला. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा नव्वदच्या दशकात थांबला.

सरकारने हात दिला नसता तर त्या कामगारांचे हाल आणखी झाले असते, त्यामुळे त्या प्रयत्नाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ताबा घेऊन मालक बदलतो. माल कोणता काढायचा, कोणत्या यंत्रावर काढायचा आणि तो कोण विकत घेणार, हे प्रश्न तिथेच राहतात. ते कुणी सोडवले नाहीत.

गाव उभे राहिले ते पूर्व भागात

ज्या वर्षांत गिरण्या एकेक करून थकत होत्या, त्याच वर्षांत साखर पेठ, अशोक चौक, गांधीनगर या बाजूला पत्र्याच्या शेडमधून खडखडाट ऐकू येऊ लागला. हातमाग चालवणाऱ्या घरांनी यंत्रमाग घेतले. कुणी गिरणीतून मोडीत निघालेले माग आणले, कुणी सावकाराकडून पैसे उचलले. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. गिरणीतला जॉबर इथे मिस्त्री झाला, माग दुरुस्त करणारा झाला. घरातल्या बायकांनी कांड्या भरल्या.

लुगड्याचा बाजार बसला तशी या लोकांनी चादर धरली. जकार्डवर मोर, फुले, वेलबुट्टी काढणारी जाड सुती चादर. दोन्ही बाजूंनी वापरता येते, वर्षानुवर्षे टिकते आणि प्रत्येक धुण्यात मऊ होत जाते. त्यानंतर टॉवेल आला. सोलापुरी टॉवेल परदेशात जायला लागला. अक्कलकोट रोडची एमआयडीसी भरली. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन मिळाले. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांत ही दोन नावे आहेत.

हे सगळे कुठल्या समितीच्या अहवालात आधी लिहिलेले नव्हते. विणकाम हातात होते, मिस्त्री गावात होते, व्यापाऱ्यांच्या ओळखी होत्या. नवीन होता तो माल. गिरण्या गेल्यावर गाव संपले असते, तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना फ्लॅट घेण्याइतके पैसे कुठून आले असते?

पण ही बाजूही एवढी गोड नाही. गिरणी कामगाराला हजेरी होती, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती. यंत्रमाग कामगाराला नगावर मजुरी. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, फुप्फुसात कापसाची धूळ आणि म्हातारपणी हातात काही नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. मालकाचे कुटुंब आणि कामगार, दोघेही त्यात होते. जिथे काम तिथेच राहणे ही आपल्या धंद्याची जुनी रीत. तिने माग उभे केले आणि तिनेच माणसे नेली. शहर सावरायचे म्हणताना हा हिशेबही मांडावा लागतो.

विड्या वळणाऱ्या बायकांची सोसायटी

गिरणी बंद झाली तेव्हा घर कुणी चालवले? सोलापुरात याचे उत्तर बहुतेक घरांत एकच आहे : विडीने. पाने, तंबाखू आणि धागा घेऊन उंबऱ्यात बसलेली बाई, आणि संध्याकाळी ब्रँचवर विड्या देऊन आणलेले पैसे. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर शहरातल्या कित्येक मुलांची शिक्षणे झाली.

या बायकांनी शहराला आणखी एक गोष्ट दिली. आपण सोसायटीवाले आहोत म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने हजारो विडी कामगार महिला एकत्र आल्या आणि 'आम्हाला आमच्या नावावर घर हवं' म्हणाल्या. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या पैशांतून कुंभारीजवळ दहा हजार घरे उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचे नाव दिलेल्या त्या वसाहतीचे लोकार्पण २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. त्याच्या शेजारी रे नगर. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका यांच्यासाठी तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान, तिसऱ्याच पक्षाचा कार्यकर्ता, आणि मधल्या वर्षांत रोजच्या मजुरीतून हप्ता बाजूला टाकणाऱ्या बायका.

आपल्या सोसायटीत मेंटेनन्स गोळा करताना सेक्रेटरींची काय दमछाक होते ते आपण जाणतो. मग हजारो मजुरांनी असे कित्येक वर्षे टिकवून धरले, हे केवढे काम! सोलापूरच्या लोकांना एकत्र येऊन मोठे काही करता येत नाही, असे म्हणणाऱ्याला एकदा कुंभारीला नेऊन आणावे.

आजचे दुखणे

आता चादरीचे दिवस पहिल्यासारखे नाहीत. पानिपतची पॉलिएस्टरची ब्लँकेटं स्वस्त आणि हलकी, लग्नाच्या आहेरातही तीच आली. 'सोलापुरी' नाव लावून दुसरीकडची चादर विकली जाते आणि मानांकन असूनही गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. सुताचे भाव वर-खाली होतात, लहान कारखानदाराला ते झेपत नाही. विडीवर आरोग्याचे निर्बंध आले, ते योग्यच आहेत, पण वळणाऱ्या बाईला दुसरे काम लागणारच. मागवाल्याचा मुलगा इंजिनिअर होतो आणि पुण्याला जातो. जाऊ दे, पण परत यायला कारण तर पाहिजे.

गेल्या काही वर्षांत सरकारी योजना कमी आल्या असे नाही. २००४ मध्ये विद्यापीठ आले. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपले नाव होते. शहराबाहेर एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे. २०२३ मध्ये वंदे भारत आली, २०२५ मध्ये विमान उडाले. प्रत्येक वेळी आपण म्हणालो, आता बघा. गाव थोडे बदललेही. पण यातली एकही गोष्ट पूर्व भागातल्या शेडपर्यंत आपोआप पोचत नाही. पोचवावी लागते.

दुसऱ्या गावांनी काय केले

गिरण्या बंद पडलेले आपले एकटेच शहर नाही. तीन उदाहरणे सांगतो, तिन्हींतून वेगळा धडा मिळतो.

पहिले मुंबईचे. तिथे १९८२ च्या संपानंतर गिरणगाव संपत गेले. १९९१ च्या नियमात असे होते, की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. लोकांच्या वाट्याला येणारी जागा एकदम आक्रसली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. टॉवर उभे राहिले, मॉल आले आणि ज्यांच्या घामावर गिरणी चालली ते लोक घराच्या सोडतीची वाट बघत राहिले. नियमातला एक शब्द बदलला की शहराचे भवितव्य बदलते, ते तेव्हाच वाचायला हवे असते.

दुसरे अमेरिकेतले लोवेल. तिकडच्या पहिल्या मोठ्या कापड शहरांपैकी हे एक. विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि शहर ओस पडले. १९७८ मध्ये तिथल्या जुन्या गिरण्या आणि कालवे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. एका गिरणीत संग्रहालय आहे आणि तिथे अजून माग चालवून दाखवतात. त्याच सुमारास वँग नावाची मोठी संगणक कंपनी लोवेलमध्ये आली. हजारो नोकऱ्या, उंच मनोरे. सगळे म्हणाले, शहर वाचलं. १९९२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. गिरणीच्या जागी दुसरी गिरणीच आणल्यासारखे झाले. टिकले ते संग्रहालय आणि विद्यापीठ. त्या विद्यापीठाचे मूळ १८९५ च्या कापडशाळेत आहे. आपल्या बाकावरच्या 'एक मोठी कंपनी'ला हे उत्तर आहे. कंपनी आली तर स्वागतच, पण अख्खे गाव तिच्या भरवशावर टाकू नये.

तिसरे आपल्या जवळचे, कोइमतूर. तेही गिरण्यांचे गाव. गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करायला तिथे वर्कशॉप निघाले, वर्कशॉपमधून मोटारी आणि विहिरीवरचे पंप बनू लागले. जी. डी. नायडू यांच्याकडे १९३७ मध्ये विजेची मोटर तयार झाली. गिरणीवाल्या कुटुंबांनी तंत्रशिक्षणाच्या संस्था काढल्या आणि मिस्त्रीच्या मुलाला तिथे शिकता आले. आज कापड मंदीत गेले तरी पंप चालतात, पंप मंदावले तरी दुसरे काही चालते. आपल्या चादरीला मानांकन मिळाले त्याच सुमारास त्यांच्या वेट ग्राइंडरलाही मिळाले. म्हणजे चटणी वाटायच्या यंत्राला! शेंगा चटणीच्या गावाने हे ऐकून जरा विचार करावा.

मग आपण काय करायचे?

माझ्या मते आपल्या गावाचा इतिहास एवढेच सांगतो, की सोलापूर दर वेळी हातातल्या कसबावर सावरले आहे. बाहेरची मदत उपयोगी पडली ती त्या कसबाला पाणी, पैसा, बाजार आणि सुरक्षितता मिळाली तेव्हा. यावरून काही गोष्टी सुचतात.

१. आधी पाणी. शंभरेक किलोमीटरवर उजनी भरलेली आणि आपल्या नळाला काही दिवसांआड पाणी, हे चित्र घेऊन कुठला उद्योग येणार? डाईंग, सायझिंग, टॉवेल धुणे ही सगळी पाण्याची कामे. दुसरी जलवाहिनी हवीच होती. पण शहराच्या आतली गळती थांबवणे आणि वापरलेले पाणी शुद्ध करून कारखान्यांना देणे, याशिवाय तिचा पुरता उपयोग नाही. सभासदांनी निवडणुकीत विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

२. शेडची सुरक्षितता. कामाची जागा आणि राहण्याची जागा वेगळी करणे, दुसरा दरवाजा, वायरिंगची तपासणी. लहान मालकाला एकट्याला हे परवडत नाही. वीस-पंचवीस मालकांनी मिळून सामाईक शेड, सामाईक डाईंग आणि सामाईक विमा घेतला तर जमेल. माणसाच्या जिवाची हमी नसलेल्या धंद्यात पुढची पिढी येणार नाही आणि येऊही नये.

३. चादरीला नवे रूप. जकार्ड तेच, पण हलकी चादर, पडदे, पिशव्या, बाळाचे दुपटे. विद्यापीठात, पॉलिटेक्निकमध्ये डिझाइन शिकणारी मुलगी आणि पूर्व भागातला मिस्त्री यांची गाठ कुणीतरी घालून द्यायला हवी. मानांकनाचे चिन्ह चादरीवर ठळक छापले जावे, म्हणजे खरी-खोटी ओळखता येईल.

४. गणवेश. शाळांचे, हॉस्पिटलचे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवण्याचा धंदा आपल्याकडे वाढतो आहे आणि माल परराज्यांत जातो आहे. विडी सोडणाऱ्या बाईला हे काम जवळचे आहे. पण तिला शिकवणारा वर्ग, येण्या-जाण्याची बस आणि पाळणाघर लागेल. कुंभारीहून रोज शहरात यायला दोन तास मोडत असतील तर ती विडीच वळत बसेल. म्हणून शिलाईचे कारखाने त्या घरांच्या जवळ हवेत.

५. गिरण्यांच्या खुणा. बऱ्याच जागा हातच्या गेल्या. जे चिमणी, फाटक, चाळी उरल्या आहेत, त्यांतली एखादी तरी वास्तू संग्रहालय म्हणून राखावी. तिथे एक माग चालू असावा. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला जाणारे लाखो भाविक सोलापुरावरून जातात. त्यांनी अर्धा दिवस थांबून चादर विणताना पाहिली तर एक चादर नक्की घेतील.

हे वाचून कुणी म्हणेल, 'हे सगळं महापालिकेनं करायचं, आपण काय करणार?' अगदी बरोबर. पण पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधणे हेही आपल्यापैकी कुणा एकट्याच्या आवाक्यात नव्हते. दहा रुपयांचा भाग घेऊन माणसे एकत्र आली म्हणून ते झाले. तेव्हा सोसायटीपुरत्या तीन छोट्या सूचना कमिटीपुढे ठेवाव्या वाटतात.

पहिली, रौप्यमहोत्सवाच्या पाहुण्यांना शाल-श्रीफळाऐवजी मानांकनाचे चिन्ह असलेली सोलापुरी चादर द्यावी आणि ती विणणाऱ्या कामगाराला त्या दिवशी व्यासपीठावर बोलवावे. दुसरी, आपल्यात गिरणीत काम केलेले किंवा गिरणी कामगारांच्या घरातले जे ज्येष्ठ आहेत, त्यांच्या आठवणी मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड कराव्यात. घरात जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी, फोटो असेल तर त्याची प्रत सोसायटीच्या कार्यालयात जमा करावी. उद्या संग्रहालय झाले तर त्याची पहिली पेटी आपल्याकडून जाईल. तिसरी, बाहेरगावी असलेल्या आपल्या मुला-मुलींची यादी करावी : कोण डिझाइनमध्ये आहे, कोण निर्यातीत, कोण सॉफ्टवेअरमध्ये. ती कायमची परत येतील असा हट्ट नको. वर्षातून दोन दिवस त्यांनी इथल्या एखाद्या कारखानदाराला माल ऑनलाइन विकायला शिकवले, तरी गावाचे ऋण फिटायला सुरुवात होईल.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत 'ऐनवेळी येणारे विषय' असतातच. या वर्षी त्यात हा एक घ्यावा, ही अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांना विनंती.